ताडपत्री काट्यावर ठेवली तेव्हा : ऑनलाइन खरेदीचे पैसे परत कसे मिळवले

(पॉडकास्टच्या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

राजूरहून बोलतोय. मागे पावसाचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या, आमच्याकडे जूननंतर पावसाशिवाय रेकॉर्डिंग होत नाही.

आजचा विषय साधा आहे. ऑनलाइन मागवलेली वस्तू लिहिल्याप्रमाणे निघाली नाही, तर पैसे परत कसे मिळवायचे. मी काही वकील नाही. राजूरला माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे. लोक माझ्याकडे मोबाईल घेऊन येतात, "बघ रे, हे परत कसं करायचं?" विचारतात, आणि मी बघून देतो. पण गेल्या वर्षी, २०२५ च्या मे महिन्यात, मीच फसलो. तेही आईच्या पैशानं. त्याची गोष्ट सांगतो, म्हणजे नियम आपोआप कळतील.

आमचं घर राजूरजवळच्या एका वाडीत. अकोले तालुक्याचा हा भाग ज्यांनी पाहिलाय, भंडारदऱ्याला पावसाळ्यात जे येऊन गेलेत, त्यांना इथला पाऊस ठाऊक आहे. तो वरून कमी आणि आडवा जास्त पडतो. आम्ही त्याला झड म्हणतो. पश्चिमेकडच्या भिंतीला ताडपत्री बांधली नाही तर भिंत भिजते, पडवीतलं सरपण भिजतं, जनावरांचा पेंढा भिजतो. त्यामुळे मे महिन्यात ताडपत्री घेणं हे आमच्याकडे वह्या-पुस्तकं घेण्यासारखंच, दर दोन-तीन वर्षांनी ठरलेलं काम.

आईनं हिरड्याचे पैसे बाजूला ठेवले होते. उन्हाळ्यात रानात हिंडून, हिरडा गोळा करून, वाळवून विकलेले. ती म्हणाली, "बाजारातून घेऊन ये, नेहमीच्या दुकानातून." मी शहाणपणा केला. म्हटलं, "आई, ऑनलाइन आठ-नऊशे रुपये स्वस्त मिळतीय. तीच ताडपत्री. २५० जीएसएम, अठरा बाय चोवीस फूट." आई म्हणाली, "हाताला लागल्याशिवाय कसं कळायचं?" मी म्हटलं, "सगळं लिहिलेलं असतं त्यात." आणि ८ मे ला ऑर्डर टाकली. २,१४९ रुपये, पैसे पार्सल आल्यावर द्यायचे.

१७ मे ला पार्सल आलं. मी दुकानात होतो. आईनं पैसे दिले आणि पार्सल एका हातानं उचलून आत ठेवलं. संध्याकाळी मी घरी गेलो तर ती एवढंच म्हणाली, "हलकीये रे."

मी उघडून पाहिली. निळी, चकचकीत, वास नवीन. उजेडासमोर धरली तर पलीकडची खिडकी दिसत होती.

आता जीएसएम म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर तुकड्याचं वजन किती ग्रॅम. २५० जीएसएम म्हणजे मीटर बाय मीटरचा तुकडा अडीचशे ग्रॅम भरला पाहिजे. अठरा बाय चोवीस फूट म्हणजे ४३२ चौरस फूट, म्हणजे साधारण चाळीस चौरस मीटर. चाळीस गुणिले अडीचशे, दहा हजार ग्रॅम. म्हणजे ती अख्खी ताडपत्री दहा किलोच्या आसपास भरायला हवी. एवढा सोपा हिशोब. मी तो ऑर्डर टाकायच्या आधी कधी केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी घडी करून शेजारच्या किराणा दुकानात नेली आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली. ४ किलो ६५० ग्रॅम. अंगणात पसरून टेपनं मोजली. सतरा बाय तेवीस फूट. म्हणजे लांबी-रुंदी दोन्हीकडे एक-एक फूट कमी. हिशोब केला तर १२८ जीएसएम. जेवढं लिहिलं होतं त्याच्या जवळपास निम्मं.

आता इथं माझी पहिली चूक झाली. मी रागात अॅप उघडलं, "परत करा" दाबलं. तिथं कारणांची यादी येते. मी "वस्तू आवडली नाही" वर बोट ठेवलं. लगेच उत्तर आलं, या प्रकारच्या वस्तू परत घेतल्या जात नाहीत. चॅटवर गेलो तर तेच. विक्रेत्याचं म्हणणं आलं, "वजनात थोडा फरक असणं नैसर्गिक आहे." अरे, दहा किलोचे साडेचार किलो, हा थोडा फरक?

पण चूक माझी होती. कारण "आवडली नाही" आणि "लिहिल्याप्रमाणे नाही" या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. वस्तू वर्णनाप्रमाणे आहे, पण रंग मनात भरला नाही, तर परत घ्यायची की नाही हे कंपनीच्या धोरणावर आहे. तिथं तुम्ही विनंती करता. पण वस्तू वर्णनाप्रमाणेच नाही, तर तिथं धोरण चालत नाही, तिथं कायदा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखाली आलेले ई-कॉमर्स नियम २०२०. त्यातला सहावा नियम विक्रेत्यांसाठी आहे. माल सदोष असेल, बनावट असेल, किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण त्यात नसतील, तर विक्रेत्याला माल परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. अॅपवर "नो रिटर्न" लिहिलेलं असलं तरी.

मला हे पटलं ते आमच्या राजूरच्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनावरून. तिथं बैल घेणारा माणूस काय करतो? दात बघतो, खूर बघतो, कातडीवरून हात फिरवतो, चार पावलं चालवून बघतो. मालक कितीही बोलला तरी घेणारा आपल्या डोळ्यांवर आणि हातावर घेतो. ऑनलाइनमध्ये दात बघायची सोय नाही. तिथं आपण वस्तू विकत घेतच नाही मंडळी, आपण वर्णन विकत घेतो. पैसे त्या लिहिलेल्या शब्दांचे दिलेले असतात. मग ते शब्द खोटे निघाले, तर पैसे परत मागणं ही मेहेरबानी मागणं नाही.

आता दुसरी अडचण. वर्णन कुठाय? मी पानाचा स्क्रीनशॉट काढला नव्हता. २० तारखेला परत तेच पान उघडलं, तर "२५० जीएसएम" गायब! तिथं आता "हेवी ड्युटी" एवढंच होतं. माझ्या पोटात गोळा आला. पण ऑर्डरच्या यादीत बिल असतं, ते डाउनलोड केलं. बिलावर वस्तूच्या नावात लिहिलं होतं, अठरा बाय चोवीस, २५० जीएसएम. पान बदलता येतं, माझ्याकडे उतरवून घेतलेलं बिल कसं बदलणार? तेव्हापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, ऑर्डर टाकली की लगेच पानाचा स्क्रीनशॉट आणि वस्तू आली की लगेच बिल, दोन्ही मोबाईलमध्ये ठेवा. पार्सल उघडताना व्हिडिओ काढलात तर अजून चांगलं. तो काढलाच पाहिजे असं कायद्यात नाही, पण कंपन्या मागतात आणि वाद मिटतो.

आणि याच दिवसांत पाऊस आला. गेल्या वर्षीचा मे आठवतोय ना? वळीव म्हणता म्हणता पाऊस लागूनच राहिला. २६ मे ला तर मान्सून मुंबईत पोहोचला, इतक्या लवकर. आमच्याकडे भिंत उघडी आणि नवी ताडपत्री घरात घडी करून ठेवलेली. आई म्हणाली, "बांध ना रे तीच. हाय तशी." मी म्हटलं, "आई, एकदा बांधली की वापरली म्हणतील. मग काही मिळायचं नाही." ती गप्प बसली. त्या रात्री पेंढ्याची एक बाजू भिजली. दुसऱ्या दिवशी आमच्या चुलत्यांनी निवडणुकीचा जुना फ्लेक्स आणून दिला. तो भिंतीला बांधला. महिनाभर आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर एक पुढारी हात जोडून उभे होते. लोक हसायचे. मला हसू येत नव्हतं, कारण आई मला काही बोलत नव्हती, आणि ती बोलत नाही तेव्हा जास्त लागतं.

नाना म्हणाले, "दोन हजारासाठी कशाला एवढं? सोडून दे." हे मला पुष्कळ जण म्हणतात, तुम्हालाही म्हणत असतील. पण दोन हजार म्हणजे किती, हे कोणाचे आहेत त्यावर असतं. ते आईचे उन्हातले दिवस होते. आणि ज्यानं लिहिलं त्यानं हाच हिशोब केलेला असतो, की दोन हजारासाठी कोण भांडतंय?

तर आता काय केलं ते ओळीनं सांगतो.

प्रत्येक ऑनलाइन बाजाराला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क अॅपवर किंवा वेबसाइटवर द्यावा लागतो. बहुतेक वेळा अगदी खाली, बारीक अक्षरात असतो. चॅटवरचा यंत्रमानव वेगळा आणि हा अधिकारी वेगळा. या अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची, असा नियम आहे. मी २० मे ला त्याला मेल लिहिला. कसा लिहिला ते वाचून दाखवतो, कारण लोक इथंच चुकतात. चार पानं राग लिहितात आणि ऑर्डर नंबर विसरतात.

"महोदय, ऑर्डर क्रमांक अमुक, दिनांक ८ मे २०२५, रक्कम २,१४९ रुपये. बिलावरील वर्णन : ताडपत्री १८ बाय २४ फूट, २५० जीएसएम. प्रत्यक्ष मिळालेली : १७ बाय २३ फूट, वजन ४ किलो ६५० ग्रॅम, म्हणजे सुमारे १२८ जीएसएम. वस्तू वापरलेली नाही. काट्याचा व मोजणीचा फोटो आणि बिल सोबत जोडले आहे. वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्याने ई-कॉमर्स नियम २०२० च्या नियम ६ नुसार वस्तू परत घेऊन पूर्ण रक्कम परत करावी. बदली वस्तू नको आहे. कृपया पोच द्यावी."

बस. यात एकही विशेषण नाही. "फसवणूक", "चोर", "लाज वाटली पाहिजे", काही नाही. काट्याचा आकडा पुरेसा बोलतो. हाच मजकूर खाली मोडक्यातोडक्या इंग्रजीतही दिला.

दोन दिवसांनी पोच आली. तक्रार क्रमांक मिळाला. मग शांतता. एक आठवडा गेला. मध्ये एक फोन आला, "आम्ही फक्त बाजार भरवतो सर, माल विक्रेत्याचा आहे." हे अर्धं खरं आहे. आपल्या आठवडे बाजारात जागा एकाची आणि पाल दुसऱ्याचं असतं, तसं. पण नियम असं सांगतो की बाजार भरवणाऱ्यानंही विक्रेत्याकडून लिहून घ्यायचं, की फोटो आणि वर्णन खऱ्या वस्तूशी जुळतील. विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि संपर्क ग्राहकाला दिसेल असा ठेवायचा. म्हणून मी त्या पोरीला शांतपणे म्हटलं, "ताई, तुमचं म्हणणं मला मेलवर लिहून पाठवा." ते काही आलं नाही. फोनवरचं बोलणं हवेत जातं, म्हणून सगळं लेखी मागा.

२ जूनला मी १९१५ वर फोन केला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. सकाळी आठ ते रात्री आठ चालते, राष्ट्रीय सुट्ट्या सोडून रोज. मराठीत बोलता येतं. माझ्याकडून ऑर्डर नंबर, रक्कम, आधीचा तक्रार क्रमांक घेतला आणि आपला एक नंबर दिला. एक गोष्ट लक्षात ठेवा, हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नाही. ती हुकूम देत नाही. ती तुमची तक्रार कंपनीपुढे ठेवते आणि उत्तर मागते. पण बऱ्याच वेळा तेवढ्यानं गाडी हलते. माझी हलली. तीन दिवसांनी मेल आला, "आपली परतीची विनंती मंजूर."

माल न्यायला मुलगा आला, तेव्हा मी त्याच्यासमोर परत काट्यावर ठेवून फोटो काढला आणि माल नेल्याची नोंद मोबाईलवर आल्याशिवाय पार्सल सोडलं नाही. तो वैतागला. त्याचा काही दोष नव्हता, चहा पाजला.

आता पैसे रोख दिले होते. रोख दिलेले पैसे परत येताना बँक खातं द्यावं लागतं आणि इथं खरा धोका आहे, कान देऊन ऐका. याच काळात मला एक फोन आला. "सर, तुमच्या रिफंडसाठी बोलतोय, एक अॅप डाउनलोड करा, स्क्रीन शेअर करा." मी आधी वैतागून समाजमाध्यमावर तक्रार टाकली होती, नंबरासकट. तिथून उचलला असणार. फोन ठेवून दिला. खात्याचा तपशील मी फक्त त्या कंपनीच्या अॅपमध्ये, माझ्या ऑर्डरच्या पानावरच भरला.

माझ्या दुकानात अशी माणसं आलीत, ज्यांनी इंटरनेटवर "कस्टमर केअर नंबर" शोधला, समोर आलेल्या पहिल्या नंबरवर फोन केला आणि पाचशे रुपयांच्या रिफंडपायी खातं मोकळं करून घेतलं. तर नंबर नेहमी अॅपमधूनच घ्या. ओटीपी कोणालाही नाही. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्याकडून जाणार. तरी चूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा. हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. १९१५ ग्राहक तक्रारीचा, १९३० पैसे चोरीला गेल्याचा. घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.

११ जूनला खात्यात २,१४९ रुपये जमा झाले. पूर्ण. ऑर्डरपासून मोजलं तर चौतीस दिवस.

समजा हे पैसे आले नसते तर? पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. आमचा आयोग अहिल्यानगरला, म्हणजे राजूरहून सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. पूर्वी एवढ्या अंतरावर माणूस हातच टेकायचा. आता तीन गोष्टी सोप्या झाल्यात. एक, तुम्ही जिथं राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. विक्रेता सुरतला असो की दिल्लीला, तिकडं जावं लागत नाही. दोन, तक्रार ऑनलाइन भरता येते. आधी ई-दाखिल होतं, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आलंय. सुनावणी व्हिडिओवर घ्या, असा अर्जही करता येतो. तीन, वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षांची. वस्तूच्या पैशांशिवाय झालेल्या त्रासाची भरपाईही मागता येते. कायद्यात तीन महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा असं म्हटलंय, पण वेळ लागू शकतो, हेही मनात धरून चाला.

एक प्रश्न शेतकरी हमखास विचारतात. "ही शेतीसाठी घेतली, म्हणजे धंद्याची झाली, मग मी ग्राहक कसा?" धंद्यासाठी, परत विकण्यासाठी घेणारा ग्राहक धरत नाहीत, हे खरं. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून करायच्या कामाला घेतलेली वस्तू, ती त्या धंद्यात मोडत नाही. फवारणी पंप घेतला, शिवणयंत्र घेतलं, ताडपत्री घेतली, तुम्ही ग्राहकच आहात.

आणि जिथं हे सगळं अवघड जातं तेही सांगतो. समाजमाध्यमावर फोटो बघून, कोणाच्या तरी नंबरवर आधी पैसे पाठवून घेतलेली वस्तू. बिल नाही, पत्ता नाही, विक्रेत्याचं खरं नाव नाही. कायदा तिथंही आहे, पण नोटीस कोणाच्या दारात लावणार? म्हणून घेण्याआधी अर्धा मिनिट विक्रेत्याचं नाव आणि पत्ता बघा. तो नसेल तर स्वस्त असलं तरी सोडा.

जाता जाता एक आठवण. ग्राहकानं एकट्यानं न भांडता एकत्र यावं, हा विचार आपल्या महाराष्ट्रात जुना आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. देशाचा पहिला ग्राहक संरक्षण कायदा आला १९८६ मध्ये. म्हणजे कायद्याच्या बारा वर्षं आधी इथली माणसं बिल, वजन आणि माप यांवर बोलत होती. मोबाईल आला म्हणून त्यात काही बदललं नाही. काटा तोच आहे.

पैसे आले त्या आठवड्यात आई आणि मी बाजारात गेलो, नेहमीच्या दुकानात. तिनं ताडपत्री निवडली, बोटांत चुरगळून पाहिली आणि दुकानदाराला म्हणाली, "काट्यावर ठेव." तो हसला, पण ठेवली. ९ किलो ८०० भरली. आई म्हणाली, "बरी हाय." पैसे दिले आणि हात तसाच पुढं ठेवला. दुकानदार म्हणाला, "आता काय मावशी?"

"पावती," आई म्हणाली.

इतकी वर्षं त्या दुकानातून घेतोय, पावती पहिल्यांदा मागितली. त्याला पावतीपुस्तक शोधायला पाच मिनिटं लागली.

चला, पाऊस वाढलाय, आवाज नीट येत नसेल. तुमच्याकडं असं काही अडकलेलं असेल, तर आज रात्रीच बिल उतरवून ठेवा, बाकीचं सकाळी. पुढच्या भागात भेटूया. राम राम.